घरच्या सरपणासाठी लाकूड फोडायचं यंत्र घेताय? टन नंतर, आधी ओंडके बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दापोली तालुक्यात घर, पाहुण्यांसाठी दोन खोल्या, रोज सकाळी बंब पेटतो आणि मागच्या पडवीत चूल चालते. परड्यात दोन जुने रायवळ आंबे कापून पडलेत, बांधावरची अकेशिया आणि थोडं सुरूचं लाकूडही आहे. आजवर सासरे कुऱ्हाडीने फोडत आले. ते 68 वर्षांचे, गेल्या वर्षी त्यांची कंबर धरली. मजूर वेळेवर मिळत नाही, यजमान आठवड्यातले चार दिवस मुंबईत, म्हणजे फोडणार तुम्हीच. बजेट 40 हजार. तीन गोष्टी पाहून ठेवल्यात: ड्रिलला किंवा मोटारीला लावायचा गाजरासारखा स्क्रू, हाताने पंप मारायचं 12 टनी हायड्रॉलिक आणि विजेवरचं आडवं ‘7 टनी’. यातलं कुठलं घ्यावं?

माझं वर्कशॉप पंप, पॉवर टिलर आणि चेनसॉच्या दुरुस्तीचं. लाकूड फोडायची यंत्रं त्याच ओघात माझ्याकडे यायला लागली, काही मी इथल्या इथे बनवूनही दिली. आमच्या स्वतःच्या घरी अजून बंब आहे, त्यामुळे वर्षाचं जळण मीही फोडतो.

उत्तर आधी सांगतो. स्क्रू घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी. हाताच्या पंपाचं तुमच्या कामाला पुरणार नाही. विजेवरचं आडवं घ्या, पण बजेटमधले पहिले तीन-चार हजार त्याच्यावर घालू नका. ते पाचर, घण, चष्मा आणि वायरिंगसाठी वेगळे काढा. यंत्र निवडताना टनाच्या आकड्याकडे सगळ्यात शेवटी पाहा. आता हे का, ते सविस्तर.

तुमच्याच हिशेबाने रोज दहा-बारा किलो लाकूड लागतं, म्हणजे वर्षाला साधारण चार टन. ऐकायला खूप वाटतं. माझ्या अनुभवात सरळ रेषेचं, नीट कापलेलं लाकूड असेल तर सवयीचा माणूस सकाळच्या तीन तासांत अर्धा टन हाताने फोडतो. चार टनांना आठ सकाळी झाल्या. छोट्या विजेच्या यंत्रावर हेच काम केलं तर किती वेळ लागतो? जवळपास तेवढाच. ओंडका उचला, ठेवा, दट्ट्या (ओंडक्याला पाचरीवर ढकलणारा दांडा) पुढे जाईपर्यंत थांबा, तो मागे येईपर्यंत थांबा, चिरफळ्या बाजूला करा, अर्धा भाग पुन्हा चढवा. यंत्राने वेळ फार वाचेल या आशेने घेतलंत तर निराश व्हाल. वाचते ती कंबर आणि खांदा. आणि ज्या गाठाळ, बेचक्याच्या ओंडक्यांपुढे कुऱ्हाड हात टेकते, ते यंत्राने सुटतात. तुमच्या घरात हीच दोन कारणं आहेत म्हणून यंत्राचा विचार बरोबर आहे. पंचविशीतला मुलगा घरात असता तर मी वेगळं सांगितलं असतं.

आता ओंडके. 40 सेंटिमीटर जाड आणि 45 सेंटिमीटर लांब असा ओलसर आंब्याचा ओंडका सुमारे 48 किलोचा भरतो. तोच 30 सेंटिमीटर लांबीचा कापला तर 32 किलो. फोडायचं यंत्र कितीही चांगलं असो, ओंडका त्याच्यावर चढवायचा आहे तुम्हालाच. म्हणून कंबरेचा खरा निर्णय चेनसॉवाला येतो त्या दिवशीच होऊन जातो. त्याला घाई असते, तो नजरेने दीड-दोन फुटांचे तुकडे पाडत जातो. त्याच्या हातात 30 सेंटिमीटरची एक बांबूची काठी द्या आणि प्रत्येक काप तिने मोजून घ्यायला लावा. दोन-चार काप जास्त पडतील, त्याचं पेट्रोल थोडं जास्त जाईल, शे-दोनशे रुपये जास्त मागितले तर आनंदाने द्या. आखूड ओंडका हलका असतोच, शिवाय चीर कमी अंतर जायची असल्याने तो लवकर फुटतो आणि लवकर वाळतोही. लाकडातलं पाणी मुख्यतः कापलेल्या टोकांतून आणि फोडलेल्या बाजूंतून निघतं, साल ते अडवून धरते.

तुमच्याकडे बंब आणि चूल दोन्ही आहेत, त्यांची भूक वेगळी. बंबाच्या मधल्या नळीत वरून टाकायला वीतभर लांबीचे, मनगटाएवढे तुकडे लागतात. चुलीला लांब फाटी चालते, ती पुढे सरकवत जाता येते. म्हणून सगळे ओंडके यंत्रावर घालायचे नाहीत. मनगटापेक्षा बारीक फांद्या सरळ कोयत्याने तोडून चुलीला. मांडीएवढं ते बुंध्याएवढं जे आहे तेच फोडायचं. बंबासाठीचे काही ओंडके वीतभरच कापून घ्या. ते इतके सोपे फुटतात की जाड पात्याची साधी कुऱ्हाड पुरते. असं वेगळं केलंत की चार टनांतले यंत्राच्या वाट्याला दोन-अडीचच उरतात.

लाकडाच्या जातीबद्दलही बोलायला हवं, कारण यंत्र विकणारा ‘सगळं फोडतं’ एवढंच सांगतो. साग, शिवण ही सरळ माणसं, तडा दिसला की तिथेच फुटतात. आंब्याच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात. अगदी ताजा आंबा मऊ, तो पाचर गिळतो आणि सोडत नाही. महिना-दोन महिने टोकांना ऊन लागून तडे दिसायला लागले की सोपा जातो. सुरू, अकेशिया, निलगिरी यांचं उलटं. ओली आहेत तोवर फोडून घ्या. वाळली की सुरूवर घण वाजतो तो लोखंडावर वाजल्यासारखा. अकेशिया वाकडी वाढते, फांद्या खालूनच फुटतात, म्हणून गाठी भरपूर. यंत्राची खरी परीक्षा तुमच्या आंब्यावर नाही, या बांधावरच्या अकेशियावर होणार आहे. माडाचा बुंधा असेल तर यंत्रावर ठेवूच नका. माडाला आपल्या नेहमीच्या झाडांसारखी वर्तुळं नसतात, सगळा धाग्यांचा जुडगा. पाचर आत रुतते आणि लाकूड फुटत नाही, पिंजतं.

आता ते तीन पर्याय.

स्क्रू सगळ्यात स्वस्त, व्हिडिओत सगळ्यात झटपट दिसणारा, आणि घरगुती वापरात मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती याचीच. तो लाकडात शिरतो तो स्वतःला ओढत शिरतो. ओंडक्याला खालून आधार नसेल किंवा गाठ आडवी आली तर स्क्रू थांबत नाही, ओंडकाच गरगर फिरतो. 20 किलोचा ओंडका फिरताना हात मध्ये असेल तर मनगट मोडतं. शर्टाची बाही, हातमोज्याचं टोक, ओढणी, पदर, यातलं काहीही त्याच्या आट्यांत गेलं की तो माणसाला ओढून घेतो, बटणापर्यंत हात पोचायला वेळच मिळत नाही. एका काजूच्या भट्टीवर असा स्क्रू मोटारीला जोडून दिलेला मी पाहिला. तिथल्या कामगाराचा शर्ट कॉलरपर्यंत गुंडाळला गेला. पट्टा जुना होता म्हणून घसरला आणि मोटार नुसती फिरत राहिली, नाहीतर तो गळा वाचला नसता. त्याच्या मानेवर बोटाएवढा जाड लाल वळ उठला होता, तो मी स्वतः पाहिलाय. त्यानंतर स्क्रू जोडून द्यायचं काम मी घेत नाही. हातातल्या ड्रिलला लावायचे छोटे स्क्रू मिळतात त्यांची गोष्ट वेगळी वाटते, पण वाळक्या सुरूत अडकला की ड्रिल मनगटाला पीळ देतं. ड्रिलही जातं, मनगटही.

हाताच्या पंपाचं 12 टनी म्हणजे तत्त्वाने ट्रकचा जॅकच. ताकद खरी असते. पण लहान पंपातून मोठ्या सिलिंडरमध्ये तेल ढकलायचं म्हणजे एका हिसक्याला दट्ट्या जेमतेम मिलिमीटरभर, फार तर काही मिलिमीटर सरकतो. एका ओंडक्याला शंभराच्या पुढे हिसके लागू शकतात. ज्याच्याकडे वीज नाही आणि वर्षाला दहा-वीस गाठाळ ओंडकेच आहेत त्याला हे उत्तम. तुम्ही अडीच टन लाकूड यावर फोडलंत तर कंबरेऐवजी खांदा धरेल.

राहिलं विजेवरचं आडवं. इथे थोडं गणित सांगतो, कारण यात फसवणूक सोपी आहे आणि पकडणंही सोपं आहे. हायड्रॉलिकची ताकद दोनच गोष्टींवर ठरते: सिलिंडरचा आतला व्यास आणि तेलाचा दाब. व्यास सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, 0.785 ने गुणा, मग बारमधल्या दाबाने गुणा. उत्तर किलोत येतं. 63 मिलिमीटर आतला व्यास आणि 160 बार दाब धरला तर 6.3 गुणिले 6.3 गुणिले 0.785 म्हणजे 31 चौरस सेंटिमीटर, गुणिले 160, म्हणजे जवळपास 5 टन. याच सिलिंडरवर कुणी 7 टन लिहिलं असेल तर त्याला दाब 225 बारच्या आसपास लागेल. दुकानात विचारा, दाब किती? तोंडी सांगतील ते नको, प्लेटवर दाखवा म्हणा. सिलिंडरचा बाहेरचा व्यास तुम्ही टेपने मोजू शकता. त्यातून भिंतीच्या जाडीचा साधारण सेंटिमीटरभर वजा केलात की आतला अंदाज मिळतो. व्यास सांगत नाही, दाब सांगत नाही, नुसता टन सांगतो, अशा यंत्रापुढे थांबू नका.

दुसरं, वेग. समजा, मोटार 1500 वॉटची आहे. पंपात आणि तेलात काही ताकद वाया जाते, हातात 70 टक्के येते असं धरू. 5 टनांच्या पूर्ण जोराने ढकलताना एवढी मोटार दट्ट्या सेकंदाला सुमारे 2 सेंटिमीटरच सरकवू शकते. 30 सेंटिमीटरच्या ओंडक्याला पूर्ण जोर शेवटपर्यंत लागला तर 15 सेकंद. प्रत्यक्षात तडा गेला की जोर कमी लागतो, पण वेग तेवढाच राहतो, कारण पंप ठरलेलंच तेल देतो. काही यंत्रांत दोन टप्प्यांचा पंप असतो: मोकळं जाताना भरभर, लाकूड अडलं की हळू पण पूर्ण जोराने. मिळाला तर तो घ्या, त्याचे दोन-तीन हजार जास्त देणं रास्त आहे. जड चाक फिरवून त्याच्या धक्क्याने दोन-तीन सेकंदांत फोडणारी यंत्रंही असतात. ती सरळ लाकडाला छान, पण अकेशियाच्या गाठीत अडकतात, आणि इतक्या वेगात हात मागे घ्यायला सवड नसते. पहिलं यंत्र ते नको.

तुमच्या लाकडाला 5 ते 7 खरे टन पुरतात का? 25 सेंटिमीटरपर्यंत जाड, सरळ असेल तर निवांत. त्याहून जाड ओंडका मधोमध फोडायचा हट्ट धरायचा नाही. कडेने ढलप्या काढत आत जायचं, भाकरीचे तुकडे कडेने मोडतो तसं. गाठ असेल तर ती दट्ट्याकडे ठेवायची, पाचरीकडे सरळ टोक. तरीही दट्ट्या थांबला, मोटारीचा आवाज जड झाला, तर पाच सेकंदांच्या वर दाबून धरू नका. ओंडका फिरवा, दुसऱ्या रेषेवर लावा. न फुटणारे चार-सहा उरतीलच. ते बाजूला ठेवा, पाहुण्यांना बसायला अंगणात ठोकळे होतात.

यंत्रावर दोन हातांची व्यवस्था आहे का ते बघा. एका हाताने लिव्हर, दुसऱ्या हाताने बटण, दोन्ही दाबले तरच दट्ट्या पुढे, एक सोडला की थांबला. युरोपात अशा पाचरीच्या यंत्रांसाठी ईएन 609-1 हे मानक आहे, त्यात हीच अट आहे. कारण साधं: दोन्ही हात कामात असले की पाचरीत जायला हात उरत नाही. स्वस्त यंत्रांत एक बटण काढून टाकलेलं असतं, किंवा घेतल्यावर लोक स्वतःच लिव्हर तारेने बांधून ठेवतात. तुम्ही तसं करू देऊ नका, यजमानांनाही. आणि यंत्रापाशी एका वेळी एकच माणूस. एकाने ओंडका धरायचा आणि दुसऱ्याने लिव्हर दाबायची, या पद्धतीत बोटं गेलेली मी पाहिलीत, मायलेकांची जोडी होती. पाहुण्यांच्या मुलांना बघायचं असेल तर पडवीच्या कठड्यामागून.

उंचीचा मुद्दा कुणी सांगत नाही. ही छोटी आडवी यंत्रं जमिनीपासून वीत-दीड वीत उंच असतात. त्यावर वाकून तासभर काम केलंत तर यंत्र घेऊनही कंबर जाणारच. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून 60-65 सेंटिमीटर उंचीचं, पाय पसरट असं अँगलचं टेबल करून घ्या, त्याला यंत्र बोल्टने आवळा, शेजारी ओंडके ठेवायला तेवढ्याच उंचीची फळी लावा. उभ्याने, कोपरात हात वाकवून काम होतं. हे टेबल यंत्रासोबत त्याच दिवशी करा, ‘नंतर बघू’ म्हटलं की राहून जातं.

वीज. गेल्या उन्हाळ्यात एक गृहस्थ असंच विजेवरचं यंत्र माझ्याकडे घेऊन आले. ‘नवीन आहे, नुसतं हूं करतं, फिरत नाही, मोटार बदलून द्या.’ माझ्याकडच्या सॉकेटला लावलं तर पहिल्याच बटणाला फिरलं. त्यांच्या घरी गेलो. गोठ्याजवळच्या प्लगपासून 30 मीटरची एक्स्टेन्शन, आत एक एमएमची वायर. मीटर लावला. नुसतं बघताना 210 व्होल्ट, बटण दाबल्यावर मोटारीच्या टोकाला 160. 1500 वॉटची मोटार चालताना नऊ-दहा अँपिअर घेते, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या पाचपट. एवढ्या बारीक, लांब वायरीत तेव्हा 50 व्होल्ट हरवतात. अडीच एमएमची तांब्याची वायर घातली तर तेच नुकसान 20 व्होल्टवर येतं. वायर बदलली, यंत्र चाललं. आणखी दहा-पंधरा वेळा त्यांनी तसंच बटण दाबलं असतं तर वाइंडिंग खरंच जळलं असतं. म्हणून तुमच्याकडे 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट काढा, अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा. एक्स्टेन्शन लागलीच तर अडीच एमएमची, आणि रिळावरची सगळी वायर उलगडून. गुंडाळलेली वायर तापते.

यंत्राच्या टाकीवर एक छोटा हवेचा स्क्रू असतो. वाहतुकीत तेल सांडू नये म्हणून तो आवळलेला असतो. काम सुरू करण्याआधी तो दोन-तीन आटे सैल करायचा, काम संपल्यावर पुन्हा बंद. हे न केल्यामुळे आत हवा कोंडून सील उडालेली यंत्रं माझ्याकडे येतात, आणि मालकाला वाटतं यंत्रच खराब निघालं. तेल आपल्या हवेला 46 नंबरचं हायड्रॉलिक ऑइल. पहिलं तेल पहिल्या हंगामानंतर बदला, त्यात लोखंडाचा बारीक चुरा उतरलेला असतो. गळती कुठून आहे ते हाताने चाचपून बघू नका. सुईएवढ्या भोकातून निघणारं तेल या दाबाने कातडीत शिरतं, आणि ते साधी जखम समजून चालत नाही, ताबडतोब शस्त्रक्रिया लागू शकते. पुठ्ठा धरून बघायचं.

घेताना दुकानात काय करायचं? तुमच्या अकेशियाचा एक गाठीचा, 25 सेंटिमीटर जाड ओंडका गाडीत टाकून न्या आणि तो समोर फोडून दाखवा म्हणा. दुकानदाराकडे डेमोला सुबक सुरी फिरावी तसं कापलं जाणारं लाकूड ठेवलेलं असतं, त्यावर काही कळत नाही. सीलचा संच सुटा मिळतो का आणि सिलिंडरचं माप आपल्याकडच्या मापाचं आहे का, हेही विचारा. सील मिळत नसेल तर तीन वर्षांनी सगळं यंत्र भंगार. दट्ट्या ज्या गर्डरवर सरकतो तो नुसता वाकवलेला पत्रा नको. पूर्ण जोर लावल्यावर पाचर मागे झुकताना डोळ्यांना दिसली तर तिथूनच परत फिरा. कुणी स्थानिक माणूस भंगारातल्या ट्रॉलीचा सिलिंडर घालून बनवून देतो म्हणाला तर एकच प्रश्न विचारा: रिलीफ व्हॉल्व्ह कुठे आहे, दाखव. तो नसेल तर दाब किती चढेल याला आवर राहत नाही, आणि जुनी होज फुटेल ती तुमच्या तोंडाजवळ.

आता ते वेगळे काढलेले तीन-चार हजार. लोहाराकडून ट्रकच्या जुन्या पाट्याच्या लोखंडाच्या दोन पाचरी करून घ्या, सोबत चार किलोचा घण. 60 सेंटिमीटर जाडीचा आंब्याचा बुंधा 30 सेंटिमीटर आखूड कापला तरी 70 किलोच्या पुढे जातो, तो तुम्ही कुणीच उचलू नये. पडलाय तिथेच, टोकाला असलेल्या तड्यात पाचर बसवा, कडेपासून चार बोटं आत, मधोमध नव्हे. घणाचे पाच-सात ठोके, तडा पसरला की दुसरी पाचर त्याच रेषेवर पुढे. दोन भाग, मग चार, मग ते यंत्रावर. पाचरीचं डोकं ठोकून ठोकून फुलासारखं उमलतं, ते घासून काढत राहा. त्याच कडेचा कपचा उडून डोळ्यात जातो. चष्मा म्हणूनच सांगितला. कुऱ्हाडीला पाचर समजून तिच्या डोक्यावर घण मारायचा नाही. आणि एक जुनं चारचाकीचं टायर मिळवा. आखूड ओंडका ठोकळ्यावर टायरच्या आत उभा करून कुऱ्हाडीने फोडला की चिरफळ्या टायरमध्येच उभ्या राहतात, खाली वाकून गोळा कराव्या लागत नाहीत. बंबाचे वीतभर तुकडे पाडायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आपल्याकडे आणि पलीकडे श्रीवर्धनपर्यंत किती झाडं आडवी झाली ते तुम्हाला सांगायला नको. त्या पावसाळ्यानंतर मी महिनोन् महिने लाकूडच फोडत होतो. तेव्हा एक गोष्ट नीट कळली. ज्यांनी दिवाळीनंतर लगेच फोडून पडवीत रचलं त्यांचं आंब्याचं लाकूड पुढच्या आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, खणखणीत होतं. ज्यांनी ‘यंत्र घेऊ, मग एकदम फोडू’ म्हणून ओंडके तसेच ठेवले, त्यांचे निम्मे भुंग्याने पोखरले आणि खालचे वाळवीने खाल्ले. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, लाकूड वाळायला खरे महिने नोव्हेंबर ते मे एवढेच. तेव्हा यंत्राचा शोध लांबला तरी फोडणं लांबवू नका. डिसेंबरपर्यंत जे सोपं आहे ते पाचरीने आणि टायरने उरकून घ्या. रचताना खाली दोन दगडी ओळींवर वासे टाका, भिंतीपासून हातभर लांब. वाळलं की नाही हे बघायला एक चिरफळी घरातल्या वजनकाट्यावर दर रविवारी तोला आणि वजन तिच्यावरच खडूने लिहा. दोन आठवडे वजन उतरलं नाही की लाकूड तयार. ओल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. ते जाळलंत तर आगीचा काही भाग ते पाणी उडवण्यातच जातो, आणि चार टनांचे सहा टन फोडायची पाळी येते.

एक बाजूची गोष्ट. बांधावरची आणखी झाडं काढायची असतील तर आधी चौकशी करा. राज्याच्या 1964 च्या झाडतोडीच्या कायद्यात आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ ही नावं आहेत, स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगी लागते. आणि पाहुण्यांचं अंघोळीचं पाणी ऑक्टोबर ते मे सोलरवर गेलं तर जळण बरंच कमी लागेल. लाकूड मग मुख्यतः पावसाळ्याला आणि चुलीला. यंत्राआधी सोलरचा भाव काढून बघावा, असं मला मनापासून वाटतं. मी यंत्रं दुरुस्त करून पोट भरतो, तरीही.

सासऱ्यांबद्दल तुम्ही शेवटी लिहिलंत, की यंत्र आणलं तर त्यांना वाईट वाटेल. पहिले दोन-तीन दिवस त्यांना शेजारी खुर्चीवर बसवा आणि हातात खडू द्या. ओंडक्याच्या टोकाकडे बघून तडा कुठून जाणार, गाठ आत कशी वळली आहे, हे त्यांना जितकं कळतं तितकं मला अजून कळत नाही. त्यांनी प्रत्येक ओंडक्यावर रेघ मारायची, तुम्ही यंत्राची पाचर त्या रेघेवर लावायची. 5 टनी यंत्रावर जो ओंडका अडतो तो बहुतेक वेळा चुकीच्या रेषेवर लावलेला असतो.